यंत्र आले, आता त्याची आठवड्याची निगा कोण राखणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठाच्या नॅनोतंत्रज्ञान संशोधन केंद्रात नवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, म्हणजे प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांच्या झोताने अतिसूक्ष्म वस्तू दाखवणारे यंत्र, दाखल झाल्याची बातमी आपल्या दैनिकात छायाचित्रासह वाचली. समई, पुष्पगुच्छ, फीत कापणारे मान्यवर आणि मागे वेष्टणाचे प्लॅस्टिकही पुरते न उतरवलेले यंत्र, असे ते छायाचित्र होते. बातमीत यंत्राची किंमत होती, भाषणांचा गोषवारा होता आणि गोव्याचे नाव आता संशोधनात गाजणार असा विश्वासही होता. त्या यंत्राची निगा दर आठवड्याला कोण राखणार, त्यासाठी किती माणसे नेमली आहेत आणि हमीची मुदत संपल्यावर खर्च कोणत्या शीर्षाखाली पडणार, याविषयी मात्र एक ओळही नव्हती. माझी नोकरी प्रयोगशाळांतील यंत्रे सांभाळण्यात गेली असल्यामुळे माझी नजर आधी तिथेच गेली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अशा प्रत्येक केंद्रात आठवड्याच्या सुरुवातीला एक सूचनापत्र निघते. कोणते यंत्र कोणत्या वारी बंद राहील, क्लीन रूम, म्हणजे धूळ जवळजवळ नसलेली खोली, कधी पुसली जाईल, द्रवरूप नायट्रोजनची गाडी कधी येईल, नव्या विद्यार्थ्यांचे सुरक्षा प्रशिक्षण कोणत्या दिवशी आहे, चर्चासत्रात या वेळी कोण बोलणार, कोणाची बाटली नाव आणि तारीख न लिहिता फ्यूम हूडमध्ये, म्हणजे घातक वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात, पडून आहे, असा सगळा मजकूर त्यात असतो. तो रुक्ष असतो आणि पुष्कळ संशोधक विद्यार्थी तो न वाचताच बाजूला सारतात. तरीही एखादे केंद्र खरोखर चालते आहे की नुसते उभे आहे, हे ज्याला पारखायचे असेल त्याने कोनशिला पाहण्याऐवजी मागच्या तीन महिन्यांची सूचनापत्रे मागवून वाचावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग आणि माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर, हे आकडे आता शाळकरी मुलांनाही पाठ असतात. त्या आकड्यांचा झाडलोटीशी असलेला संबंध मात्र सहसा कोणी सांगत नाही. सिलिकॉनच्या चकतीवर ५० नॅनोमीटर रुंदीच्या रेषा आणि तेवढ्याच रुंदीच्या फटी कोरायच्या असतील आणि हवेतला अर्ध्या मायक्रॉनचा, म्हणजे ५०० नॅनोमीटरचा, एकच कण तिच्यावर येऊन बसला, तर त्याच्याखाली एकदम पाच रेषा झाकल्या जातात आणि विद्यार्थ्याचे कित्येक दिवसांचे काम फुकट जाते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पाचव्या वर्गाच्या क्लीन रूममध्ये एक घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा अधिक असता कामा नयेत. या व्यवसायातील जुनी माणसे त्याच खोलीला अजून ‘क्लास हंड्रेड’ म्हणतात, कारण घनफुटाला असे १०० कण ही तिची पूर्वीची मर्यादा होती. छतातले हवा गाळणारे हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतात हे खरे, परंतु खोलीत सर्वांत जास्त धूळ निर्माण करणारी वस्तू माणूसच असतो आणि तो फिल्टरच्या आतल्या बाजूला उभा असतो. त्वचेचे सूक्ष्म पापुद्रे, केस, कपड्याचे धागे आणि श्वासातले तुषार तो हालचालीगणिक सोडत असतो.

म्हणून आत जाताना आधी डोक्याची टोपी, मग मुखपट्टी, मग अंगभर झगा, मग पायमोजे आणि शेवटी हातमोजे, असा वरून खाली येणारा क्रम पाळायचा असतो. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील औषध कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या तरुणांना हे सांगावे लागत नाही; निर्जंतुक विभागात उभे राहिलेला मुलगा झगा जमिनीला टेकू न देता अंगावर कसा चढवायचा हे पहिल्या आठवड्यातच शिकतो, कारण तिथे चूक झाली तर औषधाचा अख्खा घाणा बाद होतो. विद्यापीठात मात्र हाच नियम प्राध्यापकांसाठी शिथिल आणि पाहुण्यांसाठी जवळजवळ नसल्यासारखा असतो, हे मी स्वतः पाहिले आहे. चामड्याच्या बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून दहा पाहुणे आत गेले, की कणमोजणी यंत्राचे आकडे पूर्ववत व्हायला बराच वेळ जातो. आणि त्या दिवशीच्या सूचनापत्रात ‘मान्यवरांची भेट उत्साहात पार पडली’ असे लिहिलेले असते!

साफसफाईची पद्धतही बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल अशी असते. तिथे झाडू चालत नाही, घरातले फडके चालत नाही, साधा कागद आणि पेन्सिलही चालत नाही, कारण त्या प्रत्येकातून कण सुटतात. धागे न सुटणारी खास पुसणी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि निर्आयनीकृत (क्षार काढून टाकलेल्या) पाण्यात भिजवून, घडी घालून, सगळ्यात स्वच्छ टोकाकडून दरवाजाकडे आणि वरून खाली, एकाच दिशेने पुसत यावे लागते. पुसणी मागे-पुढे घासली तर उचललेली धूळ पुन्हा तिथेच पसरते, म्हणून प्रत्येक पट्ट्यानंतर घडीची नवी बाजू वर काढायची. दारातल्या चिकट चटईचा वरचा थर सोलून टाकायचा, भिंतीवरच्या दाबमापकाचा काटा पाहून आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त आहे याची खात्री करायची आणि तो आकडा वहीत टिपायचा. हे काम नीट करायला शिकवलेला एक कायमस्वरूपी माणूस लागतो. आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी कंत्राटदारामार्फत येणाऱ्या आणि दर काही महिन्यांनी बदलणाऱ्या कामगारांवर सोपवलेले असते. त्यांना कोणी काही शिकवत नाही आणि नंतर बोल मात्र त्यांनाच लावला जातो.

गोव्याच्या हवेमुळे हा प्रश्न आणखी कठीण होतो. मृग लागल्यापासून पुढचे चार महिने हवेतली आर्द्रता सतत चढी असते, तर क्लीन रूमला ती साधारण ४० ते ५० टक्क्यांच्या घरात हवी असते. आर्द्रता वाढली की रेषा कोरण्यासाठी लावायचा प्रकाशसंवेदी लेप चकतीला नीट धरत नाही, भिंगांवर बुरशीची जाळी चढते, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या निळ्या खड्यांचा रंग उडतो आणि वजनकाट्यावर ठेवलेली पूड डोळ्यांदेखत पाणी ओढून जड होत जाते. समुद्राकडच्या खाऱ्या वाऱ्याने वातानुकूलन यंत्रांच्या बाहेरच्या जाळ्या गंजतात, त्यामुळे इतर ठिकाणी त्या जितकी वर्षे टिकतात तितकी आपल्याकडे टिकत नाहीत. खरेदीच्या प्रस्तावात या गोष्टींसाठी वेगळी तरतूद केलेली मला क्वचितच आढळली, कारण प्रस्ताव ज्या नमुन्यावरून उतरवला जातो तो कोरड्या हवेच्या शहरातला असतो.

विजेची गोष्ट तर काढायलाच नको, पण काढावी लागते. माक्स क्नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये बर्लिनमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पहिला नमुना उभारला, त्या कामासाठी रुस्का यांना १९८६ मध्ये नोबेल मिळाले, आणि या सगळ्या काळात यंत्रे कितीही बदलली तरी इलेक्ट्रॉनांच्या झोताला हवा सोसत नाही ही गोष्ट काही बदललेली नाही. त्याच्या वाटेत निर्वात पोकळी लागते, ती राखणारे पंप अखंड चालावे लागतात आणि त्यांना थंड ठेवणारे पाणीही अखंड फिरावे लागते. पावसाळ्याच्या पहिल्याच वादळात माड तारांवर पडला आणि वीज गेली, तर यूपीएस काही मिनिटे धीर देतो आणि तेवढ्यात जनित्र सुरू झाले नाही तर पंप बंद पडतात. उच्च प्रतीच्या यंत्रात पोकळी पुन्हा पूर्ववत करायला आतला भाग तापवून घेण्यासह कधी कधी दोन-तीन दिवसही लागतात. त्या काळात रांगेतल्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या वेळा पुढे ढकलल्या जातात. जनित्र दर आठवड्याला थोडा वेळ चालवून पाहणे, त्याचे डिझेल आणि बॅटरी तपासणे आणि वीजपेटीत शिरलेली पाल बाहेर काढणे, ही कामे कोणत्याही संशोधन अहवालात येत नाहीत. पालीचा उल्लेख मी गंमत म्हणून केलेला नाही; एका पालीने पेटीत शॉर्टसर्किट करून महागडा विद्युतपुरवठा संच जाळल्याचे मी पाहिले आहे.

यंत्राच्या वापराची नोंदवही हा या सर्व व्यवस्थेचा कणा आहे. कोण बसला, किती वाजता बसला, नमुना कशाचा होता, पोकळीचा आकडा किती होता, उठताना काय बिघडले, हे सगळे त्या वहीत त्याच दिवशी उतरले पाहिजे. आपल्या राज्यात खाणींच्या भागातली माती आणि खनिजाची पूड तपासायला पुष्कळ विद्यार्थी येतात. अशा पुडीत चुंबकीय लोहकण असतील आणि ती कार्बनच्या चिकटपट्टीवर घट्ट न बसवता, कोरड्या हवेच्या झोताने सुटे कण न उडवता आत सरकवली, तर कण भिंगाच्या चुंबकीय क्षेत्राने ओढले जाऊन वरच्या ध्रुवखंडाला, म्हणजे त्या चुंबकीय भिंगाच्या टोकाला, चिकटतात. त्यानंतर प्रत्येकाच्या प्रतिमा तिरक्या आणि अस्पष्ट येऊ लागतात, आणि वहीत नोंद नसेल तर दोष नेमका कधी शिरला हे शोधण्यात आठवडा निघून जातो. ओला किंवा तेलकट नमुना आत घातला तरी असाच घोळ होतो. आठवड्याच्या सूचनापत्रात ‘पूड घट्ट बसवा, नमुना पूर्ण वाळवा’ ही ओळ पुन्हा पुन्हा येते, ती प्रशासनाला हौस आहे म्हणून येत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत मला विशेष काळजी वाटते. द्रवरूप नायट्रोजनचे तापमान उणे १९६ अंश सेल्सियस असते आणि त्याचा वायू झाला की आकारमान सुमारे ७०० पट वाढते. लहान बंद खोलीत तो सांडला तर प्राणवायूचे प्रमाण नेहमीच्या २१ टक्क्यांवरून झपाट्याने खाली येते, आणि त्याला वास नाही, रंग नाही, त्यामुळे माणूस कसली चाहूल न लागताच कोसळतो. म्हणून नायट्रोजनचे भांडे लिफ्टमधून एकटे पाठवायचे, माणसाने जिन्याने जायचे आणि वरच्या मजल्यावर दुसऱ्याने ते उतरवून घ्यायचे, हा नियम आहे. तो पाळायला दोन माणसे लागतात आणि माणूस एकच असेल तर काय होते हे सांगायला नको. हायड्रोफ्लुओरिक आम्ल काच खाते म्हणून प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवतात. सौम्य आम्ल कातडीवर पडले तर सुरुवातीला फारसे दुखतही नाही, परंतु ते आत झिरपून शरीरातल्या कॅल्शियमला धरते आणि जीवावर बेतू शकते. त्यावर लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल प्रयोगशाळेत हवीच, आणि तिच्या नळीवरची मुदत संपलेली नाही ना हे ठरलेल्या दिवशी कोणीतरी पाहायला हवे. गोव्यात अपघात कुठेही घडला तरी गंभीर रुग्ण शेवटी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पोहोचतो. आपल्याकडे कोणती आम्ले आणि कोणते वायू आहेत याची यादी केंद्राने तिथल्या आपत्कालीन विभागाला आधीच देऊन ठेवली, तर ऐन वेळी फोनाफोनी करावी लागणार नाही.

टाकाऊ रसायनांबाबत तर केंद्राच्या भिंतीबाहेरच्या लोकांनीही प्रश्न विचारायला हवेत. सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे मिश्रण, ज्याला प्रयोगशाळेत ‘पिरान्हा’ म्हणतात, वापर झाल्यावरही वायू सोडत राहते. ते घट्ट बुचाच्या बाटलीत भरले किंवा त्यात अॅसिटोनसारखे द्रावक मिसळले तर स्फोट होतो. हे निदान लगेच कळते तरी. चांदीचे किंवा झिंक ऑक्साइडचे नॅनोकण असलेले पाणी बेसिनमध्ये ओतले तर काहीच दिसत नाही. आपले सडे जांभ्या दगडाचे, सच्छिद्र आहेत. वर ओतलेले पाणी झिरपत खालच्या वाड्यांच्या विहिरींपर्यंत आणि पुढे खाजनांपर्यंत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांपर्यंत, जाते, हे गावातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार असा कचरा आवारात साधारणपणे ९० दिवसांपेक्षा अधिक काळ साठवता येत नाही. याचा अर्थ दर आठवड्याला तो वेगवेगळ्या पिंपांत गोळा व्हावा, प्रत्येक पिंपावर नाव आणि तारीख पडावी आणि तिमाही संपण्याच्या आत तो अधिकृत यंत्रणेकडे जावा. कोरडी नॅनोपूड सांडली तर ती झाडायची नसते, ओल्या पुसणीने टिपायची असते आणि ती पुसणीदेखील याच कचऱ्यात जाते.

आता पैशांविषयी. केंद्र सरकारने २००७ मध्ये नॅनो मिशन या नॅनोविज्ञानाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला मंजुरी दिली तेव्हा पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांची तरतूद केली होती, आणि प्रा. सी. एन. आर. राव यांच्यासारख्या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली देशभरच्या संस्थांत यंत्रे, प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित विद्यार्थी उभे राहिले, हे नाकारता येणार नाही. यंत्रासाठी अनुदान मिळते, त्याची फीत कापली जाते, परंतु देखभालीचा वार्षिक करार, फिल्टर, पंपाचे तेल, वायूच्या टाक्या आणि तंत्रज्ञाचा पगार हा खर्च कायमचा आणि कंटाळवाणा असल्यामुळे तो कोणालाच आपला वाटत नाही. प्रकल्पावर नेमलेला तंत्रज्ञ प्रकल्प संपला की घरी जातो. तोपर्यंत तो हुशार झालेला असतो, म्हणून औषध कंपनी त्याला आनंदाने उचलते, आणि केंद्र पुन्हा नव्या मुलाला पोकळी म्हणजे काय हे शिकवू लागते. उपाय अगदीच नाहीत असे नाही. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर यंत्राची नोंद केली तर बाहेरच्या संस्था आणि उद्योग शुल्क भरून ते वापरू शकतात. वेर्णा, कुंडई आणि पिसुर्ले येथील उद्योगांना नमुने तपासायला मुंबई-बंगळुरूला पाठवावे लागू नयेत एवढे जरी साधले, तरी त्या शुल्कातून निदान तेल आणि फिल्टर यांचा खर्च सुटेल. औषध कारखान्यांतून निवृत्त झालेले वातानुकूलन आणि यंत्र विभागातील अनुभवी लोक गोव्यात पुष्कळ आहेत. त्यांना मानधनावर बोलावण्याचा विचार विद्यापीठाने जरूर करावा.

यासोबत एक व्यावहारिक मुद्दा आहे आणि तो येत्या काही आठवड्यांचाच आहे. चतुर्थीत सारा गोवा घरी असतो, आणि तसे असणे योग्यच आहे. माझ्या घरीही गणपतीवर फळापानांची माटोळी बांधण्यापासून विसर्जनापर्यंत कोणी कामावर जात नसे. परंतु ते दिवस ऐन पावसाचे असतात, वीज वारंवार जाते आणि पंप मात्र सुट्टीवर जात नाहीत. त्या दिवसांत कोण कोणत्या वेळी येऊन शीतक पाण्याची पातळी, आर्द्रता आणि जनित्र पाहून जाईल, त्याची यादी केंद्राने आधीच्या सोमवारच्या सूचनापत्रातच लावावी, आणि त्या कामाचा बदली रजेसह मोबदला द्यावा. चतुर्थी न पाळणारे सहकारी दर वर्षी आपणहून हे ओझे उचलतात, म्हणून ते त्यांच्यावरच टाकून मोकळे होणे बरे नव्हे. नाताळात इतरांनी त्यांची जागा भरून काढावी.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात आपण नाटके, कीर्तने, भजनी मंडळांचे सप्ताह आणि पुस्तक प्रकाशने नियमित देता. त्याच सदरात केंद्रात होणाऱ्या साप्ताहिक चर्चासत्राचा विषय, वार आणि वेळ यांच्या दोन ओळी छापाव्यात, म्हणजे उच्च माध्यमिकचे शिक्षक, कारखान्यांतले रसायनतज्ज्ञ आणि जिज्ञासू पालक यांना तिथे जाता येईल. दर वर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनी विद्यार्थ्यांच्या झुंडी एकदाच क्लीन रूमच्या काचेसमोरून फिरवून आणल्याने तिथे काय चालते हे कोणाला कळत नाही. आपला वार्ताहर पुढच्या वेळी केंद्रात जाईल तेव्हा त्याने कुलगुरूंच्या प्रतिक्रियेसोबत नोंदवहीची मागची पाने, कचऱ्याच्या पिंपांवरच्या तारखा आणि कायम तंत्रज्ञांची संख्याही विचारून छापावी. नव्या यंत्राच्या देखभालीसाठी पुढील पाच वर्षांची तरतूद कोणत्या शीर्षाखाली केली आहे, किती तंत्रज्ञ कायम नेमले जाणार आहेत आणि चतुर्थीच्या सुट्टीतील कामाची यादी लागली आहे का, याचा खुलासा संबंधित विद्यापीठाकडून आल्यास तोही आपण याच स्तंभात प्रसिद्ध करावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
फोंडा, गोवा